मनाई नव्हती, सोय नव्हती

(राष्ट्रीय सागरी दिनानिमित्त किनारपट्टीवरील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



५ एप्रिल हा दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो, त्यामागील इतिहास आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. १९१९ साली याच दिवशी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला जाण्यास निघाले. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदी उद्योजकांनी परकीय सत्तेच्या काळात केलेले ते धाडस होते. भारतीयांनी जहाज बाळगू नये असा कायदा त्या वेळी नव्हता. परंतु माल कोणी द्यावा, दर कोणी ठरवावेत, हे सारे परकीय कंपन्यांच्या मुठीत असल्यामुळे कायद्याने उघडे असलेले दार व्यवहारात बंदच होते. ते दार उघडण्यासाठी आपल्या माणसांना किती झीज सोसावी लागली, याचे स्मरण म्हणून १९६४ पासून हा दिवस साजरा होतो.

या इतिहासाची उजळणी करण्यासाठी मी येथे आलेलो नाही. त्यातील एक धागा मला आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. कायद्याने उघडे आणि व्यवहारात बंद असे दुसरेही एक दार आपल्या सागरी जीवनात दीर्घकाळ होते. अजूनही ते पुरते उघडलेले नाही. ते दार स्त्रियांचे होय.

याच सिंदिया कंपनीचा कारभार पुढे सुमती मोरारजी यांनी समर्थपणे सांभाळला. १९५६ साली त्या भारतीय जहाजमालकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षा झाल्या. जहाजमालकांच्या अशा संघटनेचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या त्या जगातील पहिल्या महिला मानल्या जातात. म्हणजे जहाजे कोठे जावीत, कोणता माल न्यावा, याचा निर्णय मुंबईच्या कचेरीत बसून एक स्त्री करीत होती. पण त्याच काळात देशाच्या व्यापारी जहाजांवर अधिकारी म्हणून एकही स्त्री नव्हती. कचेरीतून जहाजाच्या डेकपर्यंतचे अंतर कापण्यास भारतीय स्त्रीला आणखी ३५ वर्षे लागली.

येथे मला माझ्याच आयुष्यातील एक प्रसंग सांगितला पाहिजे. तो सांगताना मला अभिमान वाटत नाही. मी काही वर्षे जहाजांवर रेडिओ अधिकारी म्हणून नोकरी केली आणि नंतर एका सागरी प्रशिक्षण संस्थेत बिनतारी संदेशवहनाचा वर्ग घेऊ लागलो. १९८४ च्या जून महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या गावाहून एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. गृहस्थ स्वतः परदेशी जहाजावर सुकाणी होते आणि रजेवर घरी आले होते. मुलगी बारावी विज्ञान शाखेची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली. आमच्या माहितीपत्रकात 'फक्त मुलांसाठी' असे शब्द कोठेही छापलेले नव्हते. ते पत्रक तिने नीट वाचले होते. मी तिची गुणपत्रिका पाहिली, आणि येथे मुलींच्या राहण्याची सोय नाही, पुढे जहाजावरही स्त्रियांची सोय नसते, असे सांगून अर्ज परत केला. वडील शांतपणे म्हणाले, "जहाजावर सोय नाही हे मला ठाऊक आहे, साहेब. मी तिथेच असतो. पण करायची ठरवली तर होईल की नाही?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. खरे सांगावयाचे तर उत्तर शोधण्याची मला गरजच वाटली नाही. मी नियम मोडला नव्हता, कोणाचा अपमान केला नव्हता. "सोय नाही" हे दोन शब्द मी अगदी सौजन्याने उच्चारले होते. आपण शासकीय कामकाजातील मंडळी आहात. हे दोन शब्द किती निरुपद्रवी दिसतात आणि किती अर्ज परत पाठवतात, हे मी आपणांस वेगळे सांगावयास नको.

पुढे सात वर्षांनी केरळातील एका मुलीने नेमक्या याच वाटेने जहाजावर पाऊल ठेवले. तिचे नाव राधिका मेनन. त्रिशूर जिल्ह्यातील कोडुंगल्लूर हे त्यांचे गाव. हा परिसर प्राचीन मुझिरिस बंदराचा म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे. कोची येथे रेडिओ संदेशवहनाचा अभ्यासक्रम पूर्ण करून १९९१ साली त्या शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या मुंबईत मुख्यालय असलेल्या सार्वजनिक कंपनीत रेडिओ अधिकारी म्हणून दाखल झाल्या. भारताच्या व्यापारी नौकानयनातील त्या पहिल्या महिला रेडिओ अधिकारी होत.

ही नोकरी कशी असते, हे दोन शब्दांत सांगतो. १९१२ च्या 'टायटॅनिक' दुर्घटनेनंतर मोठ्या जहाजांवर बिनतारी यंत्रणा आणि ती सांभाळणारा अधिकारी असणे आंतरराष्ट्रीय कराराने आवश्यक ठरले. रेडिओच्या खोलीत एक खास घड्याळ असे. दर तासाच्या १५ व्या ते १८ व्या आणि ४५ व्या ते ४८ व्या मिनिटांची जागा त्यावर लाल रंगाने रंगविलेली असे. त्या तीन-तीन मिनिटांत जगातील सर्व जहाजांनी आपले संदेश थांबवावयाचे आणि ५०० किलोहर्ट्झ या लहरीवर कोणी मदतीसाठी हाक मारीत आहे काय, एवढेच कान देऊन ऐकावयाचे. या कामाला दंडातील बळ लागत नाही. लागते ती एकाग्रता आणि जबाबदारीची जाणीव. तरीही ही खोली स्त्रीसाठी उघडण्यास १९९१ साल उजाडावे लागले, यावरून अडचण कामाच्या स्वरूपात नव्हती हे उघड होते.

राधिका मेनन यांची कारकीर्द याच टप्प्यावर थांबू शकली असती. कारण १९९२ ते १९९९ या काळात उपग्रहांचा आधार घेणारी नवी सागरी संकट व सुरक्षा संदेशयंत्रणा जगभर लागू झाली. १ फेब्रुवारी १९९९ पासून तिची अंमलबजावणी पूर्ण झाली आणि स्वतंत्र रेडिओ अधिकाऱ्याची गरजच उरली नाही. मॉर्सची कळ बंद पडली. माझ्यासारख्या शेकडो जणांचा व्यवसाय संपला. अनेकांनी किनाऱ्यावरची नोकरी धरली आणि त्यात गैर काही नव्हते.

राधिका मेनन यांनी मात्र नौकानयन विभागाकडे वळण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय ऐकावयास सोपा वाटतो. प्रत्यक्षात रेडिओ अधिकाऱ्याचा अनुभव जहाज चालविण्याच्या परीक्षांना पुरा पडत नाही. नकाशावर मार्ग आखणे, ताऱ्यांवरून स्थान काढणे, माल भरताना जहाजाचा तोल राखणे, वादळात जहाज हाताळणे, हे सारे नव्याने शिकावे लागते. प्रत्येक पायरीला समुद्रावरील ठराविक काळाची सेवा आणि त्यानंतर लेखी व तोंडी परीक्षा, अशी ही शिडी आहे. तिच्यावरून दुसरा अधिकारी, मुख्य अधिकारी असे चढत माणूस कप्तानपदापर्यंत पोचतो. बरोबरीचे लोक स्थिरावलेले असताना पुन्हा विद्यार्थी होण्यात एक प्रकारचा कमीपणा वाटतो, तोही गिळावा लागतो. २०१० साली त्यांनी 'मास्टर' हे कप्तानपदाचे प्रमाणपत्र मिळविले आणि २०१२ साली 'सुवर्ण स्वराज्य' या तेलवाहू जहाजाची सूत्रे हाती घेतली. भारतीय व्यापारी जहाजाच्या त्या पहिल्या महिला कप्तान झाल्या. पहिली नोकरी आणि पहिले कप्तानपद यांत २१ वर्षांचे अंतर आहे, हे शिक्षकांनी आपल्या विद्यार्थिनींना अवश्य सांगावे. वृत्तपत्रात 'पहिली महिला' एवढेच छापून येते. मधली वर्षे छापून येत नाहीत.

आता ज्या घटनेमुळे त्यांचे नाव जगभर झाले, तिच्याकडे वळतो. जून २०१५ मध्ये त्या 'संपूर्ण स्वराज्य' या जहाजाच्या कप्तान होत्या. बंगालच्या उपसागरात हवा अत्यंत खवळलेली होती. २२ जून रोजी ओडिशातील गोपाळपूरच्या किनाऱ्यापासून दूर असताना जहाजाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याला सुमारे अडीच किलोमीटरांवर एक मासेमारी नौका दिसली. आंध्र प्रदेशातील काकीनाड्याची ती 'दुर्गाम्मा' नावाची नौका होती. इंजिन बंद पडलेले, नांगर तुटलेला, अशा स्थितीत ती लाटांबरोबर वाहत चालली होती. नौकेवर १५ ते ५० वर्षे वयाचे सात मच्छीमार होते. त्यांचे अन्न आणि पिण्याचे पाणी लाटांनी धुऊन नेले होते. मासे ठेवण्यासाठी आणलेला बर्फ चोखून ते जीव धरून होते.

लाटांची उंची २५ फुटांहून अधिक आणि वाऱ्याचा वेग ६० नॉटहून अधिक, म्हणजे ताशी सुमारे ११० किलोमीटर होता. अशा वेळी मोठ्या जहाजाने लहान नौकेजवळ जाणे हे तिला मदत करण्याइतकेच तिला चिरडण्याचेही निमित्त ठरू शकते. लाट नौकेला उचलून जहाजाच्या पोलादी भिंतीवर आपटते. म्हणून वाऱ्याचा अंदाज घेऊन जहाजाचा आडोसा नौकेला मिळेल, पण जहाज तिच्यावर जाणार नाही, असे हाताळावे लागते. कप्तान मेनन यांनी बचावाचा आदेश दिला. जहाजाच्या कुशीवरून दोरशिडी सोडण्यात आली; जीवरक्षक जाकिटे व तरंगती कडी सज्ज ठेवण्यात आली. तीन वेळा कष्टाने प्रयत्न केल्यानंतर उपासमारीने थकलेले सातही जण सुखरूप जहाजावर आले.

या कामगिरीबद्दल आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा समुद्रावरील असामान्य शौर्याचा पुरस्कार त्यांना २१ नोव्हेंबर २०१६ रोजी लंडन येथे प्रदान करण्यात आला. हा पुरस्कार मिळविणाऱ्या त्या जगातील पहिल्या महिला होत. संकटात सापडलेल्यांना वाचविणे हे प्रत्येक दर्यावर्दीचे कर्तव्यच आहे, अशीच त्यांची या घटनेबाबत भूमिका राहिली आणि सागरी कायदाही तेच सांगतो.

मित्रहो, येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अशी शौर्यकथा ऐकली की आपण टाळ्या वाजवितो आणि नकळत एक निष्कर्ष काढतो, की समुद्रावर जाणारी स्त्री असामान्यच असली पाहिजे. हा निष्कर्ष घातक आहे. जहाजावर जाणारा प्रत्येक पुरुष काही असामान्य नसतो. आपल्या दापोली-गुहागरकडील घराघरांतून खलाशी, सुकाणी, सारंग म्हणून गेलेले हजारो लोक साधी, कष्टाळू, संसारी माणसे होती. तितक्याच साध्या आणि कष्टाळू मुलीला तीच वाट मिळाली पाहिजे. असामान्य स्त्रिया बंद दारातूनही वाट काढतात. दार उघडावयाचे ते सामान्यांसाठी.

स्वतः राधिका मेनन यांनी हे ओळखले. म्हणूनच २०१७ साली त्यांनी दोन सहकारी महिलांसमवेत आंतरराष्ट्रीय महिला सागरी कर्मचारी प्रतिष्ठान स्थापन केले. या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या मुलींना माहिती देणे आणि आलेल्यांना आधार देणे हे त्याचे काम. त्याची गरज किती आहे हे एका आकड्यावरून दिसते. जहाजमालकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील प्रमाणपत्रधारक सागरी कर्मचाऱ्यांत महिलांची संख्या २४,०५९ होती. हे प्रमाण १.२८ टक्के भरते, म्हणजे शंभरात जेमतेम एक.

मग सोय म्हणजे नेमके काय? ती नेहमी मोठ्या खर्चाची असते असे नाही. सोनाली बॅनर्जी या १९९९ साली भारतातील पहिल्या महिला सागरी अभियंता म्हणून कोलकात्याच्या संस्थेतून बाहेर पडल्या. मुलींचे वसतिगृह नव्हते, म्हणून त्यांची राहण्याची व्यवस्था अधिकाऱ्यांच्या निवासात करण्यात आली. १९८४ साली जी अडचण मला अनुल्लंघ्य वाटली, ती एका खोलीने सुटली! दुसरे उदाहरण अंगावरील साहित्याचे. संरक्षक पोशाख, बूट, हातमोजे, जीवरक्षक पट्टे हे सारे पुरुषी मापाचे असते. ढिल्या हातमोज्याने दोर धरता येत नाही, मोठा बूट शिडीवर घसरतो. मग "बायकांना जमत नाही" असा शेरा बसतो. सागरी कामगारविषयक आंतरराष्ट्रीय करारात २०२२ साली दुरुस्ती होऊन योग्य मापाची संरक्षक साधने पुरविण्याची तरतूद झाली आणि ती २३ डिसेंबर २०२४ पासून अमलात आली. बुटाच्या मापासाठी जगाला एवढी वाट पाहावी लागली.

सोय झाली की काय घडते, तेही पाहा. मार्च २०२१ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून शिपिंग कॉर्पोरेशनचे 'स्वर्ण कृष्णा' हे तेलवाहू जहाज निघाले. त्यावरील सर्व अधिकारी महिला होत्या. गोव्यातील दिवाडी बेटावरील कारखान्यात बांधलेल्या 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच नौकेतून लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघींनीच २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात पुन्हा जगाला फेरी घातली. ही नौका आपल्या शेजारच्या मांडवीच्या पाण्यात घडली, हे कोकणवासीयांनी ध्यानात ठेवावे.

आता महासागरावरून आपण आपल्या खाडीत येऊ. कारण माझे खरे सांगणे येथेच आहे. महाराष्ट्राला सातशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा किनारा लाभला आहे. या किनाऱ्यावरील मासळीचा व्यवहार कोळी भगिनी सांभाळतात. बंदरावरील लिलाव, वर्गवारी, सुकवणी, बाजारातील विक्री ही कामे त्यांची. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून तिसऱ्या वेचणे, खडकावरची कालवे फोडणे हेही त्याच करतात. म्हणजे पाण्याची त्यांना भीती नाही. परंतु होडीचे सुकाणू त्यांच्या हाती क्वचितच दिले जाते. खाडीकाठच्या मुलाला वडील किंवा काका पाठीला भोपळा बांधून पोहावयास शिकवितात. त्याच घरातील मुलगी काठावर कपडे सांभाळीत बसते. आणि पुढे तर उलटली, पूर आला, की पोहता न येणारी तीच असते. नौकानयनाचा प्रश्न हा केवळ नोकरीचा नाही, जीव वाचविण्याचाही आहे.

हे चित्र बदलू शकते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ले येथील मांडवी खाडीत 'स्वामिनी' महिला बचत गटाच्या भगिनींनी २०१७ पासून कांदळवन सफर सुरू केली. पर्यटकांना होडीत बसवून, स्वतः वल्हे मारून, त्या कांदळवनातील झाडे, पक्षी आणि खाडीचे जीवन दाखवितात. ज्या खाडीत पिढ्यान् पिढ्या त्या मासळीच्या निमित्ताने वावरल्या, तिच्याच त्या मार्गदर्शक झाल्या. कोणी त्यांना नवे धैर्य दिले नाही, ते होतेच. होड्या, प्रशिक्षण आणि शासकीय यंत्रणेचे पाठबळ एवढे मिळाले. तिकडे केरळात राधिका मेनन यांच्याच त्रिशूर जिल्ह्यात के. सी. रेखा या पतीसमवेत खोल समुद्रात मासेमारीस जातात आणि त्यांना तसा परवानाही मिळाला आहे.

पंचायत सदस्यांना हा विचार परका वाटू नये. ग्रामपंचायतीची निवडणूक स्त्रियांनी लढवू नये असा नियम पूर्वीही नव्हता. तरीही पंचायतीत स्त्रिया किती होत्या? ७३ व्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या, महाराष्ट्राने २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले, तेव्हा आजच्या या सभागृहात दिसणाऱ्या इतक्या भगिनी पंचायतीत आल्या. खुर्ची ठेवल्यावर बसणारी माणसे मिळाली. होडीचेही तसेच आहे.

यासाठी काही सूचना मी नम्रपणे करू इच्छितो.

पहिली सूचना शिक्षकांना. जहाजावरील अधिकारी होण्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय लागतात. या तीन विषयांत मिळून साधारणतः ६० टक्के आणि इंग्रजीत ५० टक्के गुण लागतात. भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि दृष्टी, विशेषतः रंगांची ओळख, निर्दोष असावी लागते. याचा अर्थ असा की दहावीनंतर ज्या मुलीने गणित सोडले, तिचा हा मार्ग सोळाव्या वर्षीच बंद झाला. तिला हे कोणी सांगितलेलेही नसते. किनाऱ्यावरील प्रत्येक माध्यमिक शाळेने नववीतच मुलामुलींना ही माहिती द्यावी. गावात रजेवर आलेला खलाशी किंवा अधिकारी असेल तर त्याला वर्गात बोलवावे आणि मुलींना पुढच्या बाकावर बसवावे.

दुसरी सूचना पंचायतींना. पोहणे शिकविण्याचा उन्हाळी वर्ग भरवावा आणि त्यात मुलींसाठी स्वतंत्र वेळ, कपडे बदलण्यास आडोसा आणि शक्य तेथे शिक्षिका ठेवावी. तरीच्या धक्क्यावर दिवा आणि स्वच्छतागृह असावे. ही कामे क्षुल्लक वाटतील. परंतु धक्क्यावर स्वच्छतागृह नाही एवढ्याच कारणाने दिवसभराचे होडीचे काम सोडून देणाऱ्या स्त्रिया असतात.

तिसरी सूचना अधिकाऱ्यांना. बचत गटांच्या योजनांत शिलाई यंत्र आणि पापड यांच्या बरोबरीने होडीचाही विचार व्हावा. परवाना, तपासणी आणि विमा यांची कागदपत्रे महाराष्ट्र सागरी मंडळाकडून कशी मिळवावीत, याचे मार्गदर्शन तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध करून द्यावे. अर्जदार स्त्री असल्यास "घरातील पुरुषाच्या नावावर करा" असा सल्ला देण्याचे टाळावे.

सुरक्षिततेबाबत मात्र तडजोड नको. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला मुंबई बंदरात झालेला भीषण अपघात आपण विसरलेलो नाही. होडीत जितकी माणसे तितकी जीवरक्षक जाकिटे, तीही मुलांच्या व स्त्रियांच्या मापाची, आणि ती अंगावर घातलेली, हा नियम सर्वांसाठी सारखा असावा. अधिक लोकांना पाण्यावर नेणे याचा अर्थ अधिक लोकांना बेपर्वा करणे असा होऊ नये.

काही मंडळी विचारतील, की महिनोन् महिने घराबाहेर राहण्याची ही नोकरी मुलीला पेलेल का? शंका प्रामाणिक आहे. ही नोकरी कठीण आहे. घरच्यांपासून दूर राहावे लागते, मुलींना प्रशिक्षणार्थी म्हणून जहाज मिळण्यात आजही अडचणी येतात. हे लपवून कोणाला या वाटेवर लोटू नये. परंतु कोकणातील पुरुष पिढ्यान् पिढ्या जहाजावर गेले, त्यांच्या मागे शेत, घर, सासू-सासरे आणि मुले एकटीने सांभाळणारी स्त्रीच होती. विरह आणि जबाबदारी तिला नवी नाही. निर्णय तिने करावा. तिच्या वतीने तो आपण करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

१९८४ सालच्या त्या मुलीचे पुढे काय झाले, हे मला कळले नाही. तिचे नावही मी टिपून ठेवले नव्हते. परत केलेल्या अर्जाची नोंद ठेवण्याची पद्धत नव्हती. तिच्या वडिलांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आज मी देऊ शकतो. होय, करायची ठरवली तर होते. मात्र ज्याला ते उत्तर द्यावयाचे, तो माणूस आज समोर नाही. आपणांपुढे ज्या मुली उद्या अर्ज घेऊन येतील, त्या मात्र समोर आहेत. त्यांचा अर्ज हाती घेताना "सोय नाही" हे शब्द ओठांवर आले, तर क्षणभर थांबून सोय करता येईल काय, हे पाहावे, अशी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.